त्या दिवशी बारी नथ्थूकाकांची होती

होळी झाली की बुलडाण्याच्या घाटात पळस पेटतो, असं लिहायची रीत आहे. पेटत-बिटत काही नाही. फुलतो, आठ-दहा दिवस दिसतो, आणि मग ऊन असं चढतं की मान वर करून बघायची सोय राहत नाही. मला विचाराल तर या दिवसांची वर्दी पळस देत नाही, गाडीतले पॅसेंजर देतात. मी लाल गाडीवर कंडक्टर आहे, अकरा वर्षं झाली. माघ लागला की बायकांच्या पिशव्यांतून नारळ डोकावायला लागतात, पिशव्या पायात आल्या की माझी त्यांच्याशी भांडणं सुरू होतात. आणि मग एखाद्या दुपारी मेहकरच्या स्टँडवर तीन-चार दांडगे गडी चढतात. मान दिसत नाही, कान चुरगळलेले, दोघांच्या सीटवर एकच मावतो. मी मशीन पुढे करायच्या आधीच विचारते, कोणत्या गावची दंगल?

"मॅडम, तुमाले कसं समजलं?"

"कानावरून. माह्या बापाचे कानबी असेच आहेत."

मग ते नाव विचारतात. किसन पैलवान, देऊळघाटचे, असं मी सांगते. म्हातारा एखादा पैलवान सोबत असला तर त्याच्या तोंडावर ओळख दिसते, बाकीच्यांना काही ठाऊक नसतं. तीस वर्षं झाली बाबांना लंगोट सोडून. कोण लक्षात ठेवणार?

ते उतरून गेले तरी गाडीत त्यांचा वास राहतो. तेल, घाम, आणि कुठेतरी खोल गेलेली माती. त्या वासाला मी आजही ओळखते. लहानपणी चैत्र-वैशाखात बाबा घरी यायचे तेव्हा दारातून आधी तो वास यायचा. आखाड्याच्या मातीत ताक, हळद, तेल, कापूर घालतात. ती माती त्यांच्या नखांत, कानाच्या वळ्यांत, भुवयांत असायची. आई हळद-तेल गरम करून त्यांचे खांदे चोळायची आणि चोळता चोळता बडबडायची, "आंग हाय का भिताड हाय हे?" मी वर्तमानपत्राच्या पुडीतली गोडीशेव खात शेजारी बसायची. ती शेव नेहमी ओली झालेली असायची, तरी मला तशीच आवडायची. आता कुरकुरीत मिळते, पण ती खावीशी वाटत नाही.

बाबा कोणत्या तालमीचे नव्हते. त्या काळात आमच्या बौद्धवाड्यातल्या पोराला तालमीत नाही कोणी म्हणायचं नाही, "उद्या ये" म्हणायचे. बाबा किती उद्या गेले असतील ते त्यांनी कधी मोजून सांगितलं नाही. शेवटी नदीच्या वाळूत एकटेच जोर-बैठका काढायला लागले, आणि कुस्ती शिकले ती जत्रेत हरून हरून. वस्ताद नाही, पाठीवर हात ठेवणारा कोणी पाटील नाही. माघ पुनवेला पिशवी घेऊन निघायचे, ते उन्हाळा तापल्यावर परतायचे. गावोगावच्या दंगली, मिळेल त्या गावात मुक्काम, देईल ते खाणं. असे सुटे पैलवान तेव्हा बरेच होते. आता कोणी म्हणेल त्यात काय करिअर आहे. आमच्या घरात तेच होतं.

एवढं सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. नथ्थूकाकांचं मात्र यंदाच्या फाल्गुनात कळलं.

आई दिवाळीत गेली. माझं सासर देऊळघाटातच, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे ड्युटी संपली की मी बाबांचा डबा घेऊन जाते. त्या संध्याकाळी गल्लीतून एक जीप भोंगा लावून गेली होती. कुठल्याशा जत्रेत जंगी दंगल आहे, पैलवानांनी आणि शौकिनांनी लाभ घ्यावा, वगैरे. बाबा जेवता जेवता थांबले.

"तुही गाडी सुलतानपूरवरूनच जाते ना?"

"सहा वर्षं झाले बाबा. आज काऊन विचारून राह्यले?"

"तथी नथ्थू पैलवान म्हणून एक होता. आहे का गेला, मालूम नाही."

"चौकशी करू का?"

"नको." मग भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसले. "कर."

आणि त्यानंतर ते बोलत राहिले. आई असती तर इतकं बोलले नसते, कारण तिला सगळं ठाऊक होतं. ती तीस वर्षं एकच वाक्य म्हणत होती, जाऊन या एकदा. ते वाक्य म्हणणारं घरात कोणी उरलं नाही, तेव्हा ते यांना ऐकू आलं. माणसाची जात अशीच. मी चिडले, पण ताट समोर होतं म्हणून गप्प बसले.

गोष्ट अशी की बाबा आणि नथ्थूकाका हे दोघं जोडीदार होते. काका सुलतानपूरचे, लोणार तालुक्यातले, घरची थोडी शेती. त्यांनी तालमीत वस्तादाच्या पुतण्याला पाडलं म्हणून त्यांना तालीम बंद झाली होती. दोघं एका जत्रेत भेटले. वजन सारखं, उंची सारखी, दोघांच्या मागे कोणी नाही. दोघांनी ठरवलं की खेळायचं ते एकमेकांशीच. एक बुलडाण्याकडून यायचा, दुसरा मेहकरकडून, वेगवेगळ्या गाड्यांनी. जत्रेत एकमेकांकडे बघायचं नाही, एका हॉटेलात चहा प्यायचा नाही. दंगल रंगात आली की बाबा हात वर करून आखाड्याला फेरी मारायचे, आहे का कोणी म्हणून. गर्दीतून नथ्थूकाका उठायचे, जसं काही या माणसाला आजच पाहिलंय. पंच दोघांना शेजारी उभं करून खुश व्हायचे. इतकी बरोबरीची जोड गावाला बघायला कुठे मिळते? वीस-पंचवीस मिनिटं कुस्ती चालायची, डफडं तापायचं, म्हातारे उभे राहायचे, आणि शेवटी एक जण चितपट. पुढच्या गावी दुसरा. या गावी जिंकायची बारी तुझी, त्या गावी माझी. इनाम अर्धं अर्धं.

फसवणूक म्हणायची तर म्हणा. मीही त्या रात्री हेच म्हटलं, "म्हणजे सगळं खोटं होतं?" बाबा रागावले नाहीत. बनियन वर करून त्यांनी बरगडीवरची गाठ दाखवली. म्हणाले, "हे खोटं आहे का? पडलं का खरंच पडा लागते बाई. जमीन काही आपल्याले ओळखत नाही." लोकांना वीस-पंचवीस मिनिटं श्वास रोखून बघायला मिळायचं आणि दोन घरच्या चुली पेटायच्या. कोणाचं काय नुकसान झालं, हे मला आजवर सांगता आलेलं नाही. झालं ते त्या दोघांचंच झालं.

पण त्यांच्या बोलण्यातलं जे माझ्या मनात रुतून बसलं ते वेगळंच आहे. हंगामभर या दोन मित्रांना चारचौघांत बोलायची बंदी होती. मग ते बोलायचे कुठे? आखाड्यात. डोक्याला डोकं लावून, मानेत हात गुंतवून दोघं उभे राहिले की लोकांना वाटायचं, आता एकमेकांचा जीव घेतात. आणि हे दोघं कानाशी तोंड नेऊन घरचं बोलायचे.

"पोरगी कशी आहे बे?"

"गोवर आला होता. उतरला आता."

"तुही तूर झाली का?"

"झाली. उंदरं लागले होते. जरा ढिलं धर ना, मान दुखून राह्यली."

हे सांगताना बाबा हसत होते. गोवराची बातमी त्यांनी मोताळ्याकडच्या कुठल्याशा गावात पाठीवर पडता पडता दिली होती. माझा पहिला दात पडला, मी पहिलीत नंबर काढला, आईचं दुसरं मूल पोटातच गेलं, सगळं सगळं नथ्थूकाकांना ठाऊक होतं. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. पाच हजार लोक बघत असताना दोन माणसं एकमेकांना सुखदुःख सांगतायत आणि कोणाला पत्ता नाही. मी रोज भरल्या गाडीत उभी असते. जवळजवळ बसून एकमेकांशी न बोलणारी नवरा-बायको बघते, तेव्हा मला आता ते दोघं आठवतात.

आता माझं सांगते. हे सांगायला मला जड जातंय, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी दहा वर्षांची होते. वर्गात एक मुलगी होती, तिचा काका जत्रांना फिरायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिने सगळ्यांसमोर विचारलं, "तुहा बाप तर पडला म्हणे काल. माह्या काकानं पाह्यलं. पाठीवर पडला होता, ढपकन्." पोरी हसल्या. मी घरी येऊन जेवले नाही. बाबा मधे एक दिवस आले होते, त्यांना मी तोंडावर विचारलं, "तुम्ही पडता?" आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी तरी रडत म्हणत राहिले, तुम्ही पडत जाऊ नका, मला शाळेत जायला लाज वाटते.

त्यानंतर आठच दिवसांनी जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका गावची जत्रा होती. माझ्या मामाचं गाव तिथून जवळ. दंगलीत बायका-पोरींना कोण नेतं? पण मामा हौशी, त्याने मला खांद्यावर बसवून नेलं. ऊन मी म्हणत होतं. माणसांची डोकी, फेटे, टोप्या, मधे लालभडक मातीचा गोल. मोहाच्या फुलांचा आंबूस वास कुठून तरी येत होता. बाबा हात वर करून फेरीला निघाले तेव्हा मी मामाचे केस घट्ट धरले. समोरून दुसरा पैलवान उठला, सावळा, बाबांएवढाच. दोघांनी माती उचलून एकमेकांच्या हातात दिली. आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा! बाबा, पाडा त्याले!"

बाबांनी वर बघितलं. मला दिसलं की त्यांनी मला बघितलं.

कुस्ती पाच मिनिटंही चालली नाही. बाबांनी ढाक लावली. हात बगलेत दाबून, आंगावरून उचलून त्या माणसाला असं फेकलं की माती माझ्यापर्यंत उडाली असं मला वाटलं. डफडं कडकडलं, लोक आत घुसले, बाबांना कोणीतरी खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. मी मामाच्या खांद्यावर आणि बाबा दुसऱ्यांच्या खांद्यावर, मधे ही गर्दी. मी दोन्ही हात हलवत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी खुश त्याआधी नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही. लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. वर्षभर मी शाळेत ती कुस्ती सांगितली. अगदी परवापर्यंत गाडीत एखादा पिऊन आलेला माणूस हात लावायला लागला की मी ओरडायची, "किसन पैलवानाची पोरगी हाव मी, इथूनच बाहेर फेकीन." आणि तो खाली बसायचा.

त्या दिवशी बारी नथ्थूकाकांची होती.

ज्याला पाडायचं नाही असं ठरलंय तो माणूस ताठ नसतो. त्याचं आंग सैल असतं, कारण त्याचा विश्वास असतो. पडायचं असेल तर पैलवान तयारीने पडतो, हनुवटी छातीला लावतो, खांदा आत घेतो. काकांनी काहीच केलं नाही. ते उभे होते, ठरल्यासारखे. खऱ्या डावाने सैल आंग आपटलं, आणि डावा खांदा उखडून मानेखालचं हाड मोडलं. तो हात पुन्हा छातीच्या वर गेला नाही. कुस्ती संपली, नांगर संपला.

"म्या त्या दिवशी त्याच्या डोक्याले डोकं लावलंच नाही," बाबा मला म्हणाले. "तो तोंड जवळ आनून राह्यला होता. म्या मान बाजूले केली. त्याचा आवाज कानात गेला असता तर माहा हात उठला नसता. म्हणून ऐकलंच नाही."

गर्दीच्या खांद्यावरून त्यांना दिसलं, दोघं जण काकांना धरून बैलगाडीकडे नेत होते. उतरून जावं तर ओळख उघडी पडली असती. सगळ्या तालुक्याने दोघांनाही मारलं असतं. उद्या जाऊ, असं त्यांनी ठरवलं. उद्या दुसऱ्या गावची जत्रा होती. मग पेरणी आली. मग कळलं की हात गेला, तेव्हा तर पाय उचलेना. त्याच वर्षी त्यांनी लंगोट सोडला आणि बुलडाण्याच्या धान्य बाजारात पोती उचलायला लागले. मी त्यांना विचारायचे, बाबा कुस्ती का सोडली? म्हणायचे, "गुडघे गेले." चांगले होते गुडघे. क्विंटलचं पोतं घेऊन जिना चढायचे.

मी चौकशी केली. त्यात अवघड काय होतं? सुलतानपूरच्या स्टॉपवर पानठेलेवाल्याला विचारलं, त्याने हात करून दाखवलं, "ते काय, गिरणी. लेकाची आहे, म्हातारा तथीच बसेल असते." स्टॉपपासून शंभर पावलं. सहा वर्षं मी त्या गिरणीसमोरून जातेय. घंटी मारून पॅसेंजर उतरवतेय, डबल मारून पुढे जातेय. त्या म्हाताऱ्याला मी कितीदा पाहिलं असेल.

पुढच्या आठवड्यात बाबा माझ्या गाडीत बसले. धुतलेलं धोतर, टोपी, ड्रायव्हरच्या मागची सीट. चिखलीपर्यंत गप्पा मारत होते, मेहकर गेल्यावर टोपी काढून पुन्हा घालत राहिले. शिवारात गहू सोंगून झाला होता, नुसती धसकटं उरलेली. सुलतानपूर आलं. मी घंटी मारली. चार माणसं उतरली, दोन चढली. बाबांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बाबा." ते म्हणाले, "येताना उतरतो." लोणारला जाऊन गाडी परत आली. येतानाही नाही उतरले. मी डबल मारली आणि पुढे जाऊन तिकिटं काढत बसले. त्या दिवशी दोन पॅसेंजरवर विनाकारण ओरडले.

मग मी सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन गेले. घंटी दुसऱ्याच्या हातात होती, आणि मी त्यांचा दंड धरला होता. उतरवलंच.

लाइट गेलेली होती म्हणून गिरणी बंद. आत पिठाचा वास, अंधारगार. बाकड्यावर म्हातारा बसलेला, भुवयांवर, कानांच्या चुरगळलेल्या वळ्यांवर पीठ. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि लगेच ओळखलं. काहीही आश्चर्य दाखवलं नाही.

"आला का?"

बाबा उभेच. तीस वर्षांची तयारी केलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं, "नथ्थू, बारी तुही होती. म्या पाडलं तुले. मले माफ कर."

"बस आधी."

बाबा बसले. दोघांच्या मधे दळणाचा एक डबा. काका बाहेर रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"पाडलं त्याचं काय घेऊन बसला? आखाड्यात होतंच असते. हात आज ना उद्या मोडलाच असता. तू आला काऊन नाही, ते सांग. पहिले सहा महिने बुलडान्याकडून गाडी आली का मी बायकोले, लक्ष्मीले पाठवू, पाह्य वं, किसन उतरला का. रोज पाठवू. ते बिचारी जाये अन् सांगे, नाही उतरला. मंग तिनंच एक दिवस म्हटलं, मी नाही जात आता."

बाबा मान खाली घालून रडायला लागले. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

"वहिनी कशी आहे?" काकांनी विचारलं.

"गेली. दिवाळीत."

"लक्ष्मीले सात वर्षं झाले."

दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं. एकेकाळी उंदरांनी तूर खाल्लेलीसुद्धा ज्यांना कळायची, त्यांना हे कोणी सांगितलं नाही. काका उठले, उजवा हात बाबांच्या डोक्यावर ठेवला, टोपीवर पिठाची बोटं उमटली. "चाल, झालं. माफ केलं. आता रडू नको, गिऱ्हाइकं येतीन," म्हणाले.

तेवढ्यात लाइट आली. काकांनी खटका दाबला आणि गिरणी अशी धडधडायला लागली की कोणाचं कोणाला ऐकू येईना. बाबा डोळे पुसत बाकड्यावरच बसून होते, चार हातांवर. काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. माझ्या कानाशी तोंड आणलं. पीठ, बिडी आणि म्हातारपण यांचा वास.

"तू प्रज्ञा ना? गोवरवाली."

मी मान हलवली.

"खांद्यावर बसून ओरडली होती. तुह्या आवाजानं म्याबी वर पाह्यलं होतं. म्हटलं, हे किसनची पोरगी. मनात म्हटलं, आज बारी गेली खड्ड्यात, लेकरासमोर बाप पडू नये. डोकं लावलं का कानात सांगतो, पाड मले, मी पडतो. तेच सांगाले तोंड जवळ नेऊन राह्यलो होतो. त्यानं मान बाजूले केली."

ते पुन्हा कानाशी आले.

"एक शब्द ऐकला असता तर मी नीट पडलो असतो. हात राह्यला असता. त्याले हे सांगजो नको पोरी. तो आता मोकळा झाला, होऊ दे. मले कोनाले तरी सांगनं होतं. लक्ष्मीले सांगितलं होतं, ते गेली."

मग त्यांनी डब्यातलं पीठ चिमटीत धरून बघितलं आणि चक्कीचा दाब थोडा सैल केला.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा त्यांचा चेहरा झाला होता, पोरासारखा. चिखलीपर्यंत काकांच्याच गोष्टी. कोणत्या गावी दोघांनाही हसू फुटलं होतं, कोणत्या गावी पंचाला संशय आला होता. मधेच म्हणाले, "मनाचा मोठा आहे बाई. एका शब्दानं माफ केलं." मग थोड्या वेळाने, "गिरणी चालू होती तवा तुले काय सांगून राह्यला होता वं तो?"

"काही नाही. म्हणत होते, बापाले आणत जाय अधूनमधून."

"मंग? आनशील ना?"

"आणीन ना बाबा."

ते हसले आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपले. किती जड डोकं आहे त्यांचं. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला सारखं वाटत होतं की मी त्या दिवशी ओरडले नसते तर, किंवा त्यांनी मान बाजूला केली नसती तर. यातलं कशाचंच काही करता येत नाही. चैत्र चालू आहे, माझ्या गाडीत अजून पैलवान चढतायत. कान बघून त्यांना गाव विचारायचं मात्र मी सोडलंय. किसन पैलवानाची पोरगी म्हणून ओरडायचंही तोंडाला येत नाही. दोनदा बाबांना सुलतानपूरला नेऊन आणलं. दोघं बाकड्यावर बसतात, गिरणी चालू असली की डोक्याला डोकं लावून बोलतात. मी बाहेर थांबते.

हे कोणाजवळ तरी बोलल्याशिवाय मला राहवेना. नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या तोंडून कधीतरी निसटेल. बाबांना वाचता येत नाही, म्हणून लिहून काढलं. देऊळघाटातल्या कोणाच्या हाती हे पडलं तर एक विनंती आहे, हात जोडून. त्यांना वाचून दाखवू नका.